शिकवणीसाठी ऑल-इन-वन प्रिंटर: पाण्यात न उतरणारी शाई आणि पानामागचा खर्च

अबोली_चिपळूण

नमस्कार मंडळी,

छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स तिन्ही करणारा प्रिंटर घरासाठी घ्यायचा आहे. गेला महिनाभर दुकानं फिरले, व्हिडिओ पाहिले. सगळे प्रिंटरची किंमत सांगतात, पण दोन पावसाळे काढल्यावर तो कसा चालतो हे कोणी सांगत नाही. म्हणून इथे विचारते आहे.

मी चिपळूणला घरीच पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. बावीस मुलं आहेत. दर शनिवारी चाचणी असते. तीन पानांची प्रश्नपत्रिका धरली तरी आठवड्याला सहासष्ट पानं झाली. शिवाय शिष्यवृत्तीचा सराव, गणिताची पानं, घरचा सातबारा, सासूबाईंचे रिपोर्ट. महिन्याला साडेतीनशे-चारशे काळी पानं होतात आणि नकाशे-आकृत्यांची तीसेक रंगीत.

आधीचा प्रिंटर कार्ट्रिजवाला होता. कंपनीचं नाव घेत नाही. तो ३,४०० रुपयांना मिळाला म्हणून आनंद झाला होता. काळं कार्ट्रिज नऊशेचं आणि ते जेमतेम सव्वाशे पानं चालायचं, म्हणजे पानाला सात रुपये. गेल्या मार्चमध्ये चाचणीच्या आदल्या रात्री रंगीत कार्ट्रिज संपलं, तर त्याने काळी पानंसुद्धा काढली नाहीत. रात्री साडेनऊला झेरॉक्सचं दुकान कुठलं उघडं असणार? सकाळी सहाला उठून सगळे प्रश्न आकृत्यांसकट फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या दोघांना चष्मा असूनही नीट दिसत नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की आता हा प्रिंटर नको.

दुसरं कारण जास्त जिव्हारी लागलेलं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरं तीन जाड फायलींत होती. पाणी ओसरल्यावर पानं एकेक सोडवून, चिखल धुऊन दोरीवर वाळत घातली. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली पानं पिवळी पडली, आखडली, पण आजही वाचता येतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या पानांवर फिकट जांभळे ढग तेवढे राहिले. एकाच फायलीत एकमेकांना चिकटलेली दोन पानं, एकावर अपूर्णांकांची सगळी उदाहरणं शाबूत आणि शेजारचं कोरं. तेव्हापासून मला प्रिंटरच्या वेगाशी काही देणंघेणं नाही. छापलेलं टिकलं पाहिजे.

बजेट पंधरा हजार, फार तर सोळा. पावसाळ्यात वीज जाते, घरी इन्व्हर्टर आहे. मे महिन्यात चाळीस दिवस माहेरी कुडाळला असतो, तेव्हा प्रिंटर बंद राहील. टँकवाला, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायची तो, घ्यावा की लेझर? कोणती शाई पाण्यात उतरत नाही? वापरणाऱ्यांनीच सांगावं.

खोपटकर

ताई, डोळे मिटून काळा-पांढरा लेझर घ्या. आमच्या ठाण्याच्या घरी सहा वर्षं एकच लेझर ऑल-इन-वन आहे. दोन मुलांच्या शाळा, माझं ऑडिटचं काम, सोसायटीच्या नोटिसा सगळं त्यावरच. सुट्टीत महिनाभर बंद ठेवला तरी आल्यावर पहिलं पान स्वच्छ येतं, कारण वाळायला त्यात शाईच नाही. तुमची पुरात वाचलेली पानं टोनरचीच, म्हणजे लेझरमधल्या पावडरचीच होती, तेव्हा उत्तर तुमच्याच फायलीत आहे.

कंपनीचं नवं टोनर महाग पडतं हे खरं. बहुतेक छोट्या लेझरचं टोनर दीड-दोन हजार पानांचं असतं. कॅननच्या एमएफ३०१० चं १,६०० पानांचं, एचपीच्या जुन्या १००५ चं १२ए हे २,००० पानांचं. मूळ कार्ट्रिज घेतलं तर पानाला दोन रुपयांच्या वर जातं. पण आमच्याकडे पावडर भरणारा घरी येतो, अडीचशे-तीनशे घेतो. रंगीत पानं महिन्याला तीसच असतील तर ती बाहेरून काढा.

सांगलीचा_दुरुस्तीवाला

ताई, सांगलीत माझं प्रिंटर दुरुस्तीचं टेबल आहे, सोळा वर्षं झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर महिना-दीड महिना चिखलाने भरलेले प्रिंटर पोत्यात घालून लोक आणत होते. त्यामुळे तुमची दोरीवरची पानं मला वाचतानाच दिसली. जरा लांब लिहितो.

शाई दोन जातींची असते. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, सरबतातल्या साखरेसारखा. तो कागदात मुरतो, पण पुन्हा पाणी मिळालं की सुटून बाहेर येतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिशय बारीक कण पाण्यात नुसते तरंगत ठेवलेले असतात. पाणी उडून गेलं की कण कागदाच्या तंतूंवर बसतात आणि नंतर भिजलं तरी सहसा उठत नाहीत. टोनरची गोष्ट वेगळी. ती प्लॅस्टिकची पावडर असते, तापलेल्या रोलरखाली वितळून कागदाला चिकटते. पुरातून तीच वाचली.

आता दुकानदार टँक प्रिंटर म्हटल्यावर पहिल्यांदा एप्सनचे एल३२१० आणि एल३२५० पुढे करतो. प्रिंटर चांगले आहेत, माझ्याच ओळखीत वीसेक घरांत सुखाने चालतात. त्यांना ००३ नंबरची शाई लागते. काळी बाटली ६५ मिलीची, कंपनी ४,५०० पानं सांगते, किंमत साडेतीनशे-चारशेच्या घरात. पानाला दहा पैसेसुद्धा पडत नाहीत. कंपनीचा आकडा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ठरावीक नमुना पानांवर सलग छापून काढलेला असतो आणि तुमची प्रश्नपत्रिका गच्च भरलेली, म्हणून निम्मी पानं धरा. तरी वीस पैसे. पण या शाईतला काळा रंगही डाय आहे. तुमच्या कामाला तो चालणार नाही, आणि हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

काळी शाई पिगमेंट हवी असेल तर कॅननची जी मालिका पाहा, म्हणजे जी२०२०, जी३०२० वगैरे. नाहीतर एचपीचे स्मार्ट टँक. एप्सनमध्ये ००१ नंबरच्या शाईची वरची मॉडेलं आहेत, जसं एल४२६०. त्यात आपोआप पाठपोट छपाईही आहे, पण तुमच्या बजेटच्या काठावर किंवा थोडं वर जाईल. या सगळ्यांत रंगीत शाई डायच आहे हे लक्षात ठेवा. काळं टिकेल, रंग उतरेल.

खोपटकर साहेबांचं लेझरचं म्हणणं टिकण्याच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे. अडचण तुमच्या इन्व्हर्टरची. लेझरचा रोलर तापताना एकदम भरपूर वीज ओढतो, छापतानाही तीनशे-चारशे वॉट लागतात. घरातला साधा इन्व्हर्टर तेवढ्यावर बसतो, आणि संगणकाच्या यूपीएसवर तर लेझर कधीच लावू नये. टँकवाला प्रिंटर छापताना पंधरा-वीस वॉटच घेतो, म्हणजे एका एलईडी दिव्याएवढं. तुमची चाचणी शनिवारी आणि वीज जाणार शुक्रवारी रात्री, म्हणून मी तुम्हाला टँकच सांगेन.

टँक प्रिंटरच्या पोटात काय असतं तेही माहीत असू द्या. हेड म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग आणि नोझल म्हणजे त्याची बारीक भोकं. हेड क्लीनिंगचं बटण दाबलं की नोझलमधून शाई जोरात ओढून बाहेर टाकली जाते. ती तळाशी बसवलेल्या पांढऱ्या फेल्टच्या पट्ट्यांत जाते. माझ्या टेबलावर रोज एखादा तरी असा प्रिंटर उघडतो. त्या पट्ट्या काळ्या-जांभळ्या, चिकट झालेल्या असतात आणि हातात घेतल्या तर ओल्या पोतेऱ्याएवढ्या जड लागतात. प्रिंटर आत मोजणी ठेवतो. मोजणी भरली की छापणं बंद, दिवे लुकलुकतात आणि घरच्यांना वाटतं मशिन गेलं. मशिन ठीक असतं, पट्ट्या बदलून काउंटर रीसेट करायचा असतो. काही मॉडेलांत या पट्ट्यांऐवजी एक डबी असते, ती स्वतःला काढून बदलता येते. कॅननच्या जी२०२० आणि जी३०२० मध्ये ती आहे. तुमच्यासारख्या, दुरुस्तीला गाव सोडावं लागणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची.

हेडचंही तसंच. कॅनन आणि एचपी शाई तापवून थेंब उडवतात. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, टोकातून शाई फुटून बाहेर आली, आणि तिथून ही पद्धत निघाली. मी रोज तेच हत्यार हातात धरतो, म्हणून मला ही हकीकत फार आवडते. तापून तापून हेड कधीतरी थकतं, पण या टँक मॉडेलांतली काळ्याचं आणि रंगीतचं अशी दोन्ही हेडं घरी काढून नवी बसवता येतात. एप्सनचं हेड तापत नाही, विजेने वाकणाऱ्या स्फटिकाने थेंब ढकलतं, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतं. मात्र एकदा का ते कायमचं बुजलं, तर बदलायचा खर्च ऐकून लोक नवा प्रिंटर घेतात.

दुकानात गेल्यावर काळी शाई पिगमेंट आहे का ते बाटलीवर वाचा. डबी स्वतःला बदलता येते का ते विचारा. आणि चिपळूणला कंपनीचा माणूस घरी येतो की प्रिंटर पाठवावा लागतो, हे बिल करायच्या आधी कंपनीच्या फोनवर स्वतः विचारा. दुकानदाराच्या ‘येतो हो’वर जाऊ नका.

देवगडकर_मास्तर

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी कोकणातल्या दमट हवेबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे प्रिंटर बिघडला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा कागद बिघडलेला असतो.

जून ते सप्टेंबर उघडी रीम कपाटात ठेवली की कागद ओल धरतो. हातात घेतला तर लुळा लागतो, कडांना लाट येते. असा कागद रोलर दोन-दोन ओढतो किंवा तिरका ओढतो आणि आत अडकतो. मी रीम फोडली की पन्नास पानं बाहेर काढतो, बाकीची पिठाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवतो. आत सिलिका जेलच्या चार पुड्या. रात्री ट्रेमध्ये कागद ठेवत नाही. छापण्याआधी गठ्ठा दोन्ही बाजूंनी पत्त्यांसारखा फुलवून घेतो. एवढ्यावर पावसाळा निघतो.

कागद ७५ जीएसएमचा घ्या, जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप. सत्तरचा स्वस्त पडतो, पण शाईने ओला झाल्यावर पाठपोट काढताना त्याचा पोळीसारखा गोळा होतो. एक बाजू काढल्यावर गठ्ठा दहा मिनिटं तसाच सपाट ठेवा, वर एखादी जाड वही ठेवा, मग दुसरी बाजू काढा. मी आधी घाई करायचो आणि दर दहाव्या पानाला जाम काढायचो.

कागद नुसता घरंगळायला लागला आणि आत ओढला जाईनासा झाला, तर मागचा रबरी रोलर किंचित ओल्या सुती फडक्याने पुसा. समुद्राकाठी त्यावर धूळ आणि खारट थर बसतो. पुसल्यावर रबर पुन्हा काळंभोर दिसतं आणि कागद पकडतं.

अबोली_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगेपर्यंत डाय आणि पिगमेंट हा फरक मला एकाही दुकानात कळला नव्हता. मास्तर, पिठाचा डबा आजच रिकामा केला.

आता तीन शंका. मे महिन्यात चाळीस दिवस बंद राहिल्यावर पिगमेंट शाई वाळेल का? बाजारात त्याच नंबरची शंभर-दीडशेची बाटली मिळते, ती चालेल का? आणि शाई मध्येच खराब यायला लागली हे मुलांच्या हातात पेपर जाण्याआधी कसं ओळखू? मागच्या वर्षी एका पेपरात अनुस्वार उडाले होते आणि ‘अंक’चं ‘अक’ झालं होतं. एका मुलीने अर्धा प्रश्न सोडून दिला.

विदर्भकन्या

चाळीस दिवसांबद्दल मी सांगते. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलर नसलेल्या खोलीत प्रिंटरची शाई अक्षरशः सुकते. पहिल्या वर्षी महिनाभर बंद ठेवून आलो तर काळा रंग आलाच नाही, पाच वेळा क्लीनिंग करून चौथा भाग शाई घालवली. दुसऱ्या वर्षीपासून शेजारच्या काकूंकडे किल्ली देते. त्यांचा नातू दर रविवारी येऊन एक पान काढतो. मी त्याच्यासाठी एक पान करून ठेवलं आहे, वर चार रंगांच्या चार पट्ट्या आणि खाली त्याला रंगवायला मोर. त्याला चित्र मिळतं, माझं हेड ओलं राहतं. तीन उन्हाळे झाले, क्लीनिंग करावं लागलं नाही.

प्रिंटर खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नका.

सांगलीचा_दुरुस्तीवाला

नागपूरच्या ताईंनी सांगितलं त्याहून चांगला उपाय माझ्याकडे नाही. पिगमेंट वाळली तर डायपेक्षा जास्त हट्टी असते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी सगळ्या रंगांचं एक पान निघालंच पाहिजे. कुडाळला जाताना शेजारी किल्ली द्या.

याहून मोठी चूक लोक रोज करतात. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करतात. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड उजव्या कोपऱ्यात जातं आणि खालून एक रबरी टोपी वर येऊन नोझल झाकते. तो ‘खर्र-टक्’ आवाज झाला की समजा झाकण बसलं. भिंतीवरून वीज तोडली तर हेड कधीकधी वाटेतच उघडं राहतं आणि दोन दिवसांत कोरडं पडतं. माझ्याकडे हेड बुजलेले जे प्रिंटर येतात त्यांच्या मालकांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. वीज गेली तर आल्यावर एकदा चालू करून बटणाने बंद करा.

बुजलंच, तर क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा. मग रात्रभर तसंच सोडा, आतली शाई वाळलेला खडा मऊ करते. सकाळी पुन्हा एकदा करा. लागोपाठ दहा वेळा बटण दाबणाऱ्यांची शाई त्या फेल्टमध्ये जाते आणि हेड तसंच राहतं.

स्वस्त बाटलीबद्दल. पानाला वीस पैसे पडत असताना त्यात दहा पैसे वाचवून काय मिळवणार? सुट्या शाईवर नंबर लिहिलेला असला तरी आत डाय आहे की पिगमेंट हे कळायला मार्ग नाही. पिगमेंटच्या टाकीत डाय पडली की काही वेळा शाईचा दूध फाटल्यासारखा चोथा होतो आणि तो नळ्यांत बसतो. मी असा प्रिंटर उघडून नळीतून सुईने काळ्या शेवया काढल्या आहेत. तेव्हा कंपनीचीच बाटली, सील पाहून, बिलासकट घ्या. बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

टाकीत शाई खालच्या रेघेच्या वर ठेवा. पडद्यावरच्या आकड्यावर न जाता डोळ्यांनी टाकी पाहा. रेघेखाली गेली की नळीत हवा शिरते. आणि प्रिंटर इकडून तिकडे नेताना आडवा करू नका, शाई सांडते.

अनुस्वाराचं उत्तर सोपं आहे. नोझल चेक, म्हणजे सगळी भोकं चालतात का ते दाखवणारं चाचणीचं पान, काढायला विसरलात तरी मराठी मजकूर स्वतः बोलतो. पहिल्या पानावरची शिरोरेषा बघा. एखादं नोझल बुजलं की आडवी पांढरी फट पडते, आणि आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर आडवी रेघ असल्याने ती लगेच दिसते. रेघ मधोमध चिरल्यासारखी दिसली की तिथेच थांबा, बावीस प्रती काढू नका. आणि प्रश्नपत्रिका ड्राफ्टवर छापू नका. ड्राफ्टमध्ये शाई विरळ पडते, बारीक टाइपातले अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी फिके होतात.

अबोली_चिपळूण

पाच आठवड्यांनी परत येते आहे. कॅननचा जी३०२० घेतला, पंधरा हजारांच्या आत बसला. एल४२६० पाठपोट छपाईसाठी फार मनात होता, पण बजेटबाहेर गेला असता आणि ती बदलता येणारी डबी मला जास्त महत्त्वाची वाटली. बिल करण्याआधी दुकानात उभं राहूनच कंपनीला फोन लावला. दुकानदाराला ते फारसं रुचलं नाही. पिन कोड सांगितल्यावर वॉरंटीत माणूस घरी येतो असं उत्तर मिळालं, ते बिलाच्या मागे तारीख-वेळेसह लिहून ठेवलं.

पहिल्यांदा शाई भरताना मी घाबरले होते. बाटल्या ओतल्यावर टाकी भरली, मग प्रिंटरने नळ्या भरून घेतल्या आणि पातळी बऱ्यापैकी खाली आली. गळती झाली की काय म्हणून खाली कागद घालून पाहिलं. तसं काही नव्हतं, पहिल्या वेळी नळ्यांत शाई जातेच असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. नव्याने घेणाऱ्यांनी हे आधीच वाचून ठेवा.

आतापर्यंत ४१२ पानं झाली, मागे वहीत मांडली आहेत. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सातला वीज गेली ती दहाला आली. इन्व्हर्टरवर पंखा, एक दिवा आणि प्रिंटर, सहासष्ट पानं निघाली. पाठपोट हाताने उलटवून काढते, आधी विषम पानं मग सम, मध्ये गठ्ठ्यावर ॲटलास ठेवते. मास्तर, एकदाही जाम नाही.

एका जुन्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटत होती, ‘प्रश्न’च्या जागी चौकोन येत होते. प्रिंटरचा दोष वाटला होता. भाच्याने छपाईच्या ॲडव्हान्स्ड पर्यायात ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करायला सांगितली, तेव्हापासून पडद्यावर दिसतं तसंच निघतं. मराठी पेपर छापणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आणि दादा, तुमच्या शब्दावर विश्वास होता तरी मी करून पाहिलं. सहावीच्या भूगोलाचं एक पान काढलं, वर काळ्या अक्षरात दहा प्रश्न आणि खाली महाराष्ट्राचा रंगीत नकाशा. एक दिवस वाळू दिलं, मग पाण्याने भरलेल्या परातीत रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी पाणी हलकं निळं झालं होतं. नकाशातल्या नद्या गेल्या, गोदावरीची एक पुसट रेघ राहिली. दहाच्या दहा प्रश्न जसेच्या तसे होते, बोटाने घासलं तरी अक्षर हललं नाही. ते पान दोरीवर वाळवून मुलांना दाखवलं.

मग नकाशांच्या फक्त मूळ प्रती दुकानातून रंगीत लेझरवर काढून घेतल्या, बाकी सगळं घरी. प्रिंटर जिन्याच्या वरच्या खोलीत ठेवला आहे. तिथे सॉकेट नव्हतं, ते बसवून घेतलं. २०२१ ची चिखलाची रेघ खालच्या भिंतीवर अजून दिसते, तिच्यापासून तो आठ फूट वर आहे. विदर्भकन्या ताई, मोराचं पान पाठवाल का? शेजारच्या मुलीला मे महिन्याची किल्ली द्यायची आहे.

विदर्भकन्या

पाठवते. मोराच्या जोडीला हत्तीही आहे, तो पिवळा आणि गुलाबी रंग जास्त घेतो. दोन्ही आलटून पालटून काढायला सांगा.